विश्लेषण : आरोग्य केंद्रावर आणखी एक मजला चढवणे वाटते तेवढे सोपे का नसते?

गावातले आरोग्य केंद्र अपुरे पडू लागले की मागणी ठरलेली असते : खाटा वाढवा, वर मजला चढवा, शेजारी नवा वॉर्ड बांधा. निधी मंजूर झाला की काम सुरू होईल, असे वाटते. मात्र दवाखान्याची इमारत वाढवणे हे घरावर माडी चढवण्यासारखे नाही. खालची काळी माती, जुन्या इमारतीचा पाया, यंत्रांचे वजन, स्ट्रेचरचा रस्ता आणि भूकंपाचे निकष या सगळ्यांचा हिशेब त्यात असतो. शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा परिसराचे उदाहरण समोर ठेवून हा हिशेब कसा मांडायचा, ते पाहू.

मांडवगण फराट्याचे उदाहरण का?

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातले मोठे गाव. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. भीमेपलीकडे दौंड तालुका. नदीवरचे बंधारे, कालवे आणि विहिरी यांमुळे इथे ऊस वाढला, उसाबरोबर वस्ती वाढली. परिसरातील गावांसाठी पहिला सरकारी दवाखाना म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढच्या उपचारांसाठी न्हावरे किंवा शिरूरचे ग्रामीण रुग्णालय, नदी ओलांडून दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी पुण्याचे ससून.

सर्पदंश, अवघडलेले बाळंतपण किंवा रात्रीचा अपघात यांत हे अंतर जीवावर बेतू शकते. त्यातच गाळप हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे परिसरात मुक्कामाला येतात. त्यांच्यातल्या गरोदर महिला आणि लहान मुले याच दवाखान्यात येतात. पण जनगणनेच्या आकड्यात ती या भागातली म्हणून मोजलेली नसतात. त्यामुळे अशा भागात आरोग्य केंद्र मोठे करण्याची गरज खरीच असते. ते कसे मोठे करायचे, हा प्रश्न मात्र आधी अभियंत्याचा आहे आणि मग निधीचा.

आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांत फरक किती?

केंद्राच्या निकषांनुसार सपाट भागात साधारण ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. त्यात सहापर्यंत खाटा, बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिगृह, औषध भांडार आणि छोटी प्रयोगशाळा अपेक्षित असते. महाराष्ट्रात ही केंद्रे जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते आणि ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे येते.

सहा खाटांवरून ३० खाटा म्हणजे पाचपट खोल्या, असा सोपा गुणाकार इथे चालत नाही. खाटांबरोबर शस्त्रक्रियागृह येते, क्ष-किरण कक्ष येतो, प्राणवायूची नळवाहिनी, जनरेटर, मोठी पाण्याची टाकी, कपडे धुण्याची आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रणा येते. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी वेगळी जागा लागते, शवागाराची व्यवस्था लागते, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने लागतात. इमारतीवरचा खरा भार या गोष्टींचा असतो. खाट आणि तिच्यावरचा रुग्ण यांचे वजन त्यामानाने किरकोळ.

रुग्णालयाचे वजन घरापेक्षा वेगळे कसे?

इमारतीच्या कोणत्या भागावर किती भार धरून रचना करायची, हे भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात दिलेले आहे. माणसे, सामान, फर्निचर यांचा हा भार. रुग्णालयातील वॉर्डसाठी तो प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो, म्हणजे घरातील खोलीइतकाच. बाह्यरुग्ण कक्षासाठी तो सुमारे २५० किलो होतो. शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण कक्ष आणि प्रयोगशाळा यांसाठी ३०० किलो. ये-जा करण्याचे मार्ग, लॉबी आणि जिने यांसाठी ४०० किलो, तर यंत्रे बसवलेल्या खोल्यांसाठी ५०० किलो.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. वॉर्ड म्हणून बांधलेल्या खोलीत उद्या शस्त्रक्रियागृह केले तर स्लॅबवरचा अपेक्षित भार दीडपट होतो. तिथे यंत्रखोली केली तर अडीचपट. खोलीचा वापर बदलला, पण भिंती त्याच राहिल्या, म्हणून ‘बांधकामात काही बदल नाही’ असे म्हणता येत नाही.

क्ष-किरण कक्षाचे उदाहरण अधिक बोलके आहे. किरणे बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथे नऊ इंची पक्की वीटभिंत किंवा साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या शिशाइतके संरक्षण लागते. तीन मीटर उंचीची नऊ इंची वीटभिंत दर मीटर लांबीला सव्वा ते दीड टन भरते. ही भिंत वरच्या मजल्यावर नेमकी बीमवर आली पाहिजे. नुसत्या स्लॅबच्या मधोमध ती उभी केली तर कालांतराने स्लॅब वाकतो आणि खालच्या छताला तडे दिसू लागतात. म्हणून क्ष-किरण कक्ष शक्यतो तळमजल्यावर ठेवतात.

पाण्याचे गणित तर कोणालाही करता येईल. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी ठेवली की दहा टन वजन चढले, टाकीचे आणि तिच्या चौथऱ्याचे वेगळे. अनेक सार्वजनिक इमारतींवर एकामागून एक काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या चढत जातात. त्या कॉलमच्या डोक्यावर ठेवल्या आहेत की स्लॅबच्या मध्यावर, हे पाहिले जातेच असे नाही.

द्रवरूप प्राणवायू पाण्यापेक्षाही जड असतो. दहा हजार लिटर म्हणजे साडेअकरा टनांच्या आसपास. म्हणून अशा टाक्यांना जमिनीवर स्वतंत्र काँक्रीटचा पाया आणि टँकर येण्याइतका रस्ता लागतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत राज्यभर घाईने प्राणवायू प्रकल्प उभे राहिले, तेव्हा जागेची ही अडचण अनेक रुग्णालयांना जाणवली.

काळी माती इमारतीला काय करते?

भीमा-घोड पट्ट्यातल्या शेतकऱ्याला काळ्या जमिनीचा स्वभाव नवा नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि पाय रुततो. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. पिकासाठी ओलावा धरून ठेवणारा हाच गुण पायासाठी घातक ठरतो.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. काळ्या मातीत जड इमारतीपेक्षा हलकी, एकमजली इमारत अधिक तडकते. माती फुगताना वर दाब देते. इमारत जड असेल तर तो दाब काही प्रमाणात दाबून धरला जातो. हलकी इमारत मात्र उचलली जाते. तीही सगळीकडून सारखी नाही. बाहेरच्या कडेला पाऊस, सांडपाणी आणि शेजारच्या उसाचे पाणी पोहोचते, तर इमारतीच्या मध्याखालची माती त्या मानाने कोरडी राहते. कडा वर-खाली होतात, मधला भाग स्थिर राहतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात, फरशी फुगते, पावसाळ्यात दरवाजे चौकटीत अडकतात.

घरात दरवाजा अडकला तर रंधा मारून भागते. प्रसूतिगृहाची फरशी फुटली तर ती धुऊन निर्जंतुक करता येत नाही. भिंतीतल्या तड्यात ओल आणि बुरशी बसते. जमिनीखालची मलवाहिनी सांध्यात निखळली तर तिचे पाणी पुन्हा पायाखालीच मुरते आणि माती आणखी फुगते. तडा हे इथे केवळ दिसण्याचे दुखणे नाही. तो जंतुसंसर्गाचा रस्ता आहे.

बारमाही बागायतीने यात भर घातली आहे. उसाला सतत पाणी असल्याने भूजल पातळी वर राहते आणि काही जमिनी चोपण होतात. क्षारयुक्त ओल पायातून भिंतीत चढते, गिलावा पोपडे धरून पडतो आणि काँक्रीटमधल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. छतातून काँक्रीटचे तुकडे पडून उघडी सळई दिसू लागली, की आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

यावर उपाय आहेत का?

आहेत, आणि ते जुने, तपासलेले आहेत. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर ती काढून पाया खालच्या मुरमावर किंवा कातळावर न्यायचा, हा सर्वांत सरळ उपाय. दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी हे जमते. नदीकाठच्या गावांत मात्र गाळाचे थर जाड असतात आणि मुरूम बराच खाली सापडतो. एकाच आवारात एका टोकाला तो लवकर लागतो, दुसऱ्या टोकाला लागत नाही, असेही होते.

अशा ठिकाणी तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल वापरतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र भारतीय काळ्या मातीसाठी विकसित केले. ऋतुमानानुसार ओलावा बदलतो तो थर साधारण साडेतीन मीटरपर्यंत असतो. त्याखाली खुंट रोवून कंदाने इमारत धरून ठेवायची, अशी ती कल्पना आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरा मार्ग दिला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा सुमारे मीटरभर जाडीचा दाबलेला थर द्यायचा. कालव्यांच्या कामात आणि इमारतींच्या पायात हा उपाय वापरला जातो.

याशिवाय इमारतीभोवती मीटर-दीड मीटर रुंद पक्क्या फरसबंदीचा पट्टा, पावसाच्या पाण्याला दूर नेणारी गटारे, भिंतीलगत झाडे न लावणे आणि शोषखड्डा पायापासून लांब ठेवणे या स्वस्त गोष्टी आहेत. त्या अंदाजपत्रकात असतात. पैसे कमी पडले की बहुधा याच गोष्टी आधी वगळल्या जातात.

यातला कोणता उपाय लागू पडेल, हे माती परीक्षणाशिवाय सांगता येत नाही. आवारात किमान दोन-तीन ठिकाणी छिद्रे घेऊन थर, भारक्षमता आणि मातीचा फुगवटा तपासायचा असतो. संपूर्ण बांधकामाच्या तुलनेत हा खर्च नगण्य असतो. तरीही शेजारच्या गावातल्या इमारतीचा नमुना नकाशा जसाच्या तसा उचलून वापरला जाण्याचा धोका असतो. खोल्यांचा नकाशा सगळीकडे एकच चालेल. पायाचा नकाशा जागेनुसार बदलावाच लागतो.

जुन्या इमारतीवर मजला चढवता येतो का?

कधी येतो, बऱ्याचदा येत नाही. उत्तर इमारत कशी बांधली यावर अवलंबून आहे.

ग्रामीण भागातील अनेक जुने दवाखाने भारवाहक भिंतींचे आहेत. त्यात कॉलम नसतात. वीट किंवा दगडाची भिंतच छताचे वजन जमिनीपर्यंत नेते. अशा इमारतीत खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत काढणे म्हणजे खांब काढण्यासारखेच. वर मजला चढवणे तर दूरच.

कॉलम-बीमची इमारत असेल तर शक्यता वाढते, पण तीन प्रश्न उरतात. पहिला, पाया किती मजल्यांसाठी बांधला होता? सर्वसाधारण अंदाज असा, की काँक्रीटच्या इमारतीचा एक मजला दर चौरस मीटरला एक टनाच्या आसपास वजन आणतो. ३०० चौरस मीटरचा मजला म्हणजे सुमारे ३०० टन. उसाने भरलेला ट्रक वीस टनांचा धरला तर असे पंधरा ट्रक जुन्या पायावर कायमचे उभे करण्यासारखे.

दुसरा प्रश्न काँक्रीटच्या दर्जाचा. सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान एम-२० दर्जा हवा, अशी अट आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत आली. त्याआधी एम-१५ चालत असे. तिसरा प्रश्न सळयांच्या बांधणीचा. भूकंपात कॉलम-बीमचे सांधे लवचिक राहावेत, तुटू नयेत, यासाठी रिंगा किती अंतरावर आणि कशा वाकवायच्या, हे सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या इमारतीत त्या पद्धतीच्या रिंगा असण्याची शक्यता कमी.

जुने नकाशे हाती नसतील तर तपासणी करूनच अंदाज घ्यावा लागतो. हातोडी चाचणी, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून केलेली चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणे, सळयांचा गंज मोजणे आणि एक-दोन ठिकाणी खोदून पाया उघडा करून पाहणे, या त्या चाचण्या. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे हे सगळे. केवळ भिंतींकडे पाहून दिलेला दाखला म्हणजे ऑडिट नव्हे.

महापालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ही तरतूद महापालिका कायद्यांतील आहे. ग्रामपंचायत हद्दीतील दवाखान्याला ती आपोआप लागू होत नाही. तिथे तपासणी होते की नाही, हे प्रशासकीय आदेश आणि पाठपुरावा यांवर ठरते.

तपासणीत इमारत कमकुवत आढळली तर बळकटीकरण करता येते. कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचे जॅकेट चढवणे ही प्रचलित पद्धत. पण त्यासाठी प्रत्येक बाजूने सुमारे १०० मिलिमीटर जाडी वाढते, फरशी फोडून पायापर्यंत जावे लागते आणि त्या काळात खोली वापरता येत नाही. जुनी इमारत बळकट करून वर मजला चढवण्याचा खर्च नव्या इमारतीच्या जवळ जाऊ लागला, तर नवी बांधणे शहाणपणाचे ठरते.

मग शेजारी नवा वॉर्ड जोडला तर?

हा मार्ग तुलनेने सुरक्षित, पण त्यालाही शिस्त हवी. जुनी इमारत वर्षानुवर्षांत जेवढी खचायची तेवढी खचलेली असते. नवी इमारत आता खचणार असते. दोन्ही एकजीव बांधल्या तर सांध्यावर तडा जाणारच. शिवाय भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकींवर आदळतात. म्हणून दोन्हींचे पाये, कॉलम आणि स्लॅब स्वतंत्र ठेवून मध्ये फट सोडायची असते. मानकांनुसार ती किमान २५ मिलिमीटर, आणि मजले वाढतील तशी जास्त.

ही फट रुग्णालयात त्रासाची जागा ठरू शकते. तिच्यावरचे झाकण नीट नसेल तर पावसाचे पाणी वॉर्डात येते आणि स्ट्रेचरचे चाक अडकते. दोन्ही इमारतींच्या जोत्याची उंची वेगळी असेल तर मध्ये पायरी येते आणि पायरी आली की चाकाची खुर्ची थांबली.

खोदाई हा आणखी एक धोका. जुन्या पायाच्या अगदी लगत, त्याच्यापेक्षा खोल खड्डा घेतला तर जुन्या पायाखालची माती खड्ड्याकडे सरकू शकते. पावसाळ्याच्या तोंडावर असे खड्डे उघडे राहिले तर धोका वाढतो. खोदाई टप्प्याटप्प्याने, आधार देऊन करायची असते.

हे सगळे दवाखाना सुरू ठेवून करायचे असते, हीच खरी कसोटी. शाळेची इमारत सुटीत पाडता येते. बाळंतपणाला सुटी नसते. ड्रिलचे हादरे, धूळ, तुटलेली पाण्याची लाइन, अचानक गेलेली वीज या गोष्टी रुग्णापर्यंत पोहोचतात. बांधकामाच्या धुळीतून येणारी बुरशी अशक्त रुग्णांना घातक ठरू शकते. म्हणून पर्यायी जागेची आणि टप्प्यांची योजना कामाच्या आदेशातच असावी लागते.

वरच्या मजल्यावर रुग्ण न्यायचा कसा?

मजला चढवण्याच्या मागणीत हा प्रश्न हमखास विसरला जातो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. मजल्याची उंची ३.६ मीटर धरली तर उताराची लांबी ४३ मीटरहून अधिक होते. मधले विसाव्याचे टप्पे वेगळे. एवढा उतार गुंडाळून बसवायला स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र पाया लागतो. छोट्या आवारात त्यासाठी नव्या वॉर्डाचीच जागा खर्ची पडते.

लिफ्ट बसवली तर स्ट्रेचर मावेल एवढी मोठी हवी, तिला जनरेटरचा आधार हवा आणि दुरुस्तीचा करार हवा. बंद लिफ्ट म्हणजे वरचा मजला बंद. ग्रामीण भागातील भारनियमन आणि दुरुस्तीला लागणारा वेळ पाहता, जागा असेल तर आडवे पसरणारे तळमजल्याचे रुग्णालय अधिक उपयोगी ठरते. म्हणूनच जागा निवडताना आजच्या इमारतीपुरती जमीन न घेता पुढच्या वाढीची जमीन राखणे महत्त्वाचे.

भूकंपाचा विचार शिरूरमध्ये कशाला?

आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे भूकंप क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही. किल्लारीचा परिसर तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता.

याच मानकात रुग्णालयांसाठी महत्त्व गुणांक १.५ दिला आहे. म्हणजे साध्या इमारतीपेक्षा दीडपट भूकंपबल धरून रुग्णालयाची रचना करायची. कारण उघड आहे. भूकंपानंतर लोक घराबाहेर पडतात आणि दवाखान्याकडे धावतात.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालयच कोसळले आणि जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. त्या जागी उभे राहिलेले नवे रुग्णालय शिसे-रबराच्या बेअरिंगवर बसवले आहे. जमीन हलली तरी वरच्या इमारतीपर्यंत हादरे कमी पोहोचावेत, अशी ती रचना. प्रत्येक तालुक्याला असे तंत्र परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण दुसरा एक धडा सगळ्यांना लागू आहे.

कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू हे रुग्णालय १९७१ च्या भूकंपात, नवे असूनही, निकामी झाले. ते अधिक मजबूत बांधले गेले. १९९४ च्या भूकंपात त्याचा सांगाडा टिकला. पण पाण्याच्या नळवाहिन्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्णांना बाहेर हलवावे लागले. इमारत उभी राहिली, रुग्णालय बंद पडले. पाण्याची टाकी, प्राणवायूचे सिलिंडर, औषधांची कपाटे, जनरेटर या गोष्टी भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या बांधणे हा काही हजारांचा खर्च आहे, आणि तो गावातल्या केंद्रातही करता येतो.

पूर आणि आगीचे काय?

नदीकाठच्या भागात जोत्याची उंची हा कळीचा मुद्दा आहे. वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की भीमेचे पाणी बंधाऱ्यांवरून वाहते आणि ओढ्यांना फुगवटा येतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात एका कोविड रुग्णालयाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि रुग्णांचे प्राण गेले. तेव्हा केवळ वॉर्ड उंचावर असून पुरत नाही. विजेचे पॅनल, जनरेटर आणि पाण्याचा पंपही ज्ञात पूररेषेच्या वर हवेत. आणि दवाखान्याकडे येणारा रस्ताही.

आगीबाबत महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोठी किंमत मोजली. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात आग लागून दहा बालके दगावली. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान ११ रुग्णांचा मृत्यू झाला.

विस्ताराशी याचा थेट संबंध आहे. जुन्या वायरिंगवर नवे वॉर्मर, वातानुकूलन यंत्रे आणि व्हेंटिलेटर जोडले जातात. मोकळा पॅसेज बंद करून खोली काढली जाते, दुसरा जिना पत्र्याने झाकून भांडार केले जाते. प्रत्येक बदल छोटा असतो; सगळे मिळून बाहेर पडण्याची वाट बंद होते. खाटा वाढल्या की विजेचा भार आणि सुटकेचे मार्ग नव्याने मोजावेच लागतात.

पैसा येतो, तरी काम का रखडते?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला देशभरासाठी ७० हजार ५१ कोटी रुपयांची शिफारस केली. स्वतःची इमारत नसलेली उपकेंद्रे आणि आरोग्य केंद्रे बांधणे हा त्यातला एक भाग. याशिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा नियोजन समिती आणि राज्याचा निधी असतो.

अडचण निधीच्या स्वरूपाची आहे. तो वर्षाच्या चौकटीत आणि वेगवेगळ्या शीर्षांखाली येतो. यंदा एक खोली, पुढच्या वर्षी प्रतीक्षागृहाची शेड, त्यानंतर संरक्षक भिंत. प्रत्येक काम स्वतंत्र मंजूर होते, स्वतंत्र ठेकेदार करतो आणि आवाराचा एकत्रित आराखडा कोणाकडेच राहत नाही. मग ज्या कोपऱ्यात उद्या शस्त्रक्रियागृह यायला हवे, तिथे आज शौचालय बांधले जाते.

जबाबदारीही विभागलेली आहे. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, त्याचे बांधकाम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. तेच ग्रामीण रुग्णालय झाले की राज्याच्या आरोग्य विभागाकडे आणि सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाते. या हस्तांतरणात जुने नकाशे, माती परीक्षण अहवाल आणि दुरुस्तीच्या नोंदी हरवण्याची भीती असते.

सांगाडा उभा राहिला म्हणजे रुग्णालय तयार झाले, असेही नसते. पुण्यातील ससूनची ११ मजली इमारत अनेक वर्षे रखडली होती. ती एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या निकडीने घाईघाईत सुरू करावी लागली. वीज, पाणी, प्राणवायू, लिफ्ट, अग्निशमन आणि मनुष्यबळ यांची तरतूद इमारतीबरोबर झाली नाही, तर फीत कापूनही दरवाजा बंद राहतो.

ग्रामस्थांनी कोणते प्रश्न विचारावेत?

आरोग्य केंद्रांवर रुग्ण कल्याण समिती असते, गावात ग्रामसभा असते. स्थापत्यशास्त्र न शिकताही तिथे काही नेमके प्रश्न विचारता येतात. माती परीक्षण झाले का, आणि त्याचा अहवाल कुठे आहे? पाया किती मजल्यांसाठी आखला आहे? जुन्या इमारतीच्या चाचण्या कोणी आणि कोणत्या केल्या? नव्या-जुन्या इमारतीत फट ठेवली आहे का? स्ट्रेचर रस्त्यापासून खाटेपर्यंत एकही पायरी न चढता जाते का? टाकी, जनरेटर आणि प्राणवायू यांची जागा नकाशात दाखवली आहे का? काम सुरू असताना बाळंतपणे कुठे होणार? आणि वीस वर्षांनी आणखी वाढवायचे झाले तर जागा कुठे आहे?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा. नवी इमारत बांधतानाच पाया आणि कॉलम एका जादा मजल्यासाठी आखले, उताराची जागा मोकळी ठेवली आणि नकाशांची एक प्रत केंद्राच्या कपाटात व एक ग्रामपंचायतीत जपली, तर पुढच्या पिढीचा बराच खर्च वाचतो. नंतर जुना पाया उकरून तो बळकट करण्यापेक्षा आज तो थोडा रुंद घेणे केव्हाही परवडते. भीमाकाठच्या काळ्या मातीत तर हा फरक पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतीवर दिसू लागतो.